तिची मान कुणी वळवली, तेही भिंतीवर सांगा

लंडनच्या टेट ब्रिटनच्या संग्रहात जॉन एव्हरेट मिले या चित्रकाराचं ‘द नाइट एरंट’ (भटका वीर) हे तैलचित्र आहे. साल १८७०, उंची सहा फुटांहून किंचित जास्त. दिवस मावळला आहे, आकाशात चंद्राची कोर आहे. एका झाडाच्या बुंध्याला एक तरुणी विवस्त्र बांधलेली आहे, तिचे कपडे खाली जमिनीवर पडले आहेत. नखशिखान्त चिलखत घातलेला एक वीर तलवारीने तिचे दोर कापतो आहे. पात्यावर रक्त आहे. एक लुटारू मरून पडला आहे, बाकीचे दूरवर पळताना दिसतात. तरुणीने मान दुसरीकडे फिरवली आहे. वीराकडे ती बघत नाही, आपल्याकडेही बघत नाही.

ही मान मुळात अशी नव्हती. १८७० च्या रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात चित्र लागलं तेव्हा तिचा चेहरा त्या वीराच्या बाजूला होता. समीक्षक बिचकले, चित्र विकलं गेलं नाही. मग मिलेने तिचं डोकं आणि धडाचा वरचा भाग कॅनव्हासमधून कापून काढला, तिथे नवा तुकडा बसवला आणि त्यावर आज दिसते ती लाजून फिरवलेली मान रंगवली.

गेली काही वर्षं ब्रिटनमध्ये, आणि आता सगळीकडेच, एक वाद चालू आहे. एकोणिसाव्या शतकातली ही वीर, परी आणि अबलांची चित्रं सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संग्रहालयांनी कशी दाखवावीत? दाखवावीत की नाही? माझं म्हणणं असं आहे की ती उतरवू नयेत, आणि ‘त्या काळच्या पुरुषी नजरेचा नमुना’ अशी एका ओळीची पाटी डकवून हातही झटकू नयेत. चित्र लावावं आणि त्याच्या शेजारी त्याच्यावर झालेली कापाकापी दाखवावी. क्ष-किरण छायाचित्रासह, चित्राच्याच मापाची, घाईने दालन ओलांडणाऱ्या माणसालाही थांबावं लागेल अशी.

२०१८ च्या जानेवारीत मँचेस्टर आर्ट गॅलरीने नेमकं उलट केलं. जॉन विल्यम वॉटरहाउसचं ‘हायलस अँड द निम्फ्स’ हे १८९६ चं चित्र तिने भिंतीवरून उतरवलं. तळ्यातल्या विवस्त्र जलपऱ्या एका देखण्या तरुणाला पाण्यात ओढताहेत, असं ते प्रसिद्ध चित्र. सोनिया बॉइस या कलावतीच्या प्रकल्पाचा हा भाग होता. रिकाम्या जागी एक सूचना लावली आणि येणाऱ्यांनी चिकटकागदांवर आपलं मत लिहावं असं सांगितलं. मतं आली, बहुतेक संतापाची. सुमारे आठवड्याभरात चित्र परत जागेवर आलं. आम्हाला बंदी घालायची नव्हती, चर्चा घडवायची होती, असं गॅलरीचं म्हणणं होतं, आणि त्यांच्या हेतूवर मी शंका घेत नाही. पण भिंत मोकळी ठेवून चित्राबद्दल चर्चा होत नाही, मोकळ्या भिंतीबद्दल होते. तसंच झालं. जलपऱ्या कशा रंगवल्या आहेत, सगळ्यांचे चेहरे इतके सारखे का, हा प्रश्न कुणाच्या तोंडी आला नाही. सगळा आठवडा ‘उतरवण्याचा अधिकार कुणाचा’ यातच गेला.

आता मिलेच्या चित्राकडे, कारण माझा सगळा युक्तिवाद त्याच्या आत आहे.

वीरांच्या दंतकथांचं एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडला अक्षरशः वेड लागलं होतं. वॉल्टर स्कॉटच्या कादंबऱ्यांनी सुरुवात करून दिली, राजा आर्थरच्या जुन्या कथा पुन्हा छापल्या गेल्या, टेनिसनने त्यावर काव्य रचलं. १८३९ मध्ये स्कॉटलंडात एग्लिंटनच्या उमरावाने खऱ्या चिलखतांत, खऱ्या घोड्यांवर मध्ययुगीन भालायुद्धाचा सोहळा भरवला आणि पावसाने त्याचा पार चिखल केला. वेस्टमिन्स्टरच्या नव्या राजवाड्यात राणीच्या वस्त्रदालनासाठी विल्यम डाइसला आर्थरकथेतून सद्गुणांची भित्तिचित्रं काढायला सांगितलं गेलं. दया, सौजन्य, औदार्य वगैरे. कथा तर फितुरी, व्यभिचार आणि भाऊबंदकीने भरलेली. त्यातून राणीसमोर ठेवता येतील असे प्रसंग निवडता निवडता त्याच्या नाकी नऊ आले, आणि काम अपुरं ठेवून १८६४ मध्ये तो गेला. दंतकथा साफसूफ करून घ्यायची सवय तेव्हापासूनची आहे, हे इथे लक्षात ठेवायला हवं. याच मध्ययुगाच्या ओढीतून मुंबईत विद्यापीठाचं सभागृह, राजाबाई टॉवर आणि बोरीबंदरचं स्टेशन उभं राहिलं. आपण रोज ज्या टोकदार कमानींखालून लोकल पकडतो, त्या कमानी आणि मिलेचा तो चिलखती वीर एकाच स्वप्नातले.

मिलेचं चित्र कुठल्याही एका कथेवर बेतलेलं नाही. प्रदर्शनाच्या पुस्तिकेत त्याने स्वतःच मजकूर दिला होता: भटक्या वीरांची ही परंपरा विधवा आणि अनाथांच्या रक्षणासाठी, संकटात सापडलेल्या कुमारिकांच्या मदतीसाठी निर्माण झाली. चित्राला नीतीचा दाखला जोडून दिला की नग्नता चालून जाईल, असा त्याचा हिशेब असावा. हिशेब चुकला.

का चुकला, हे बघण्यासारखं आहे. नग्न स्त्री त्या काळच्या लंडनला नवी नव्हती. फ्रेडरिक लेटनने १८६७ मध्ये वस्त्र उतरवणारी व्हीनस मांडली होती आणि जी. एफ. वॉट्स, अल्बर्ट मूर हेही त्या वाटेने चालले होते. पण व्हीनस ही देवता. तिचं अंग संगमरवरासारखं गुळगुळीत, तिचा देश ग्रीस, तिचा काळ कुठलाच नाही. मिलेची तरुणी तशी नव्हती. तिचं मांस मांसासारखं दिसत होतं. मिले हा डोळ्यांनी बघून रंगवणारा चित्रकार. वयाच्या अकराव्या वर्षी रॉयल अकॅडमीच्या शाळेत गेलेला, १८४८ मध्ये हंट आणि रोझेटी या चित्रकारांसोबत प्री-राफेलाइट गट काढून ‘जे दिसतं ते प्रामाणिकपणे रंगवू’ म्हणणारा. त्याने एक खरी बाई रंगवली होती, आणि ती खरी बाई तिला सोडवणाऱ्या पुरुषाच्या बाजूला तोंड करून होती.

माझ्या मते घोटाळा तिथे झाला. पाच वर्षं आधी पॅरिसमध्ये एदुआर माने या फ्रेंच चित्रकाराच्या ‘ऑलिंपिया’ने हाच हलकल्लोळ माजवला होता. नग्न स्त्री थेट प्रेक्षकाकडे बघते, हे १८६५ च्या प्रेक्षकांना सोसलं नाही. मानेने चित्र बदललं नाही. मिलेने बदललं. तो तेव्हा चाळिशीत होता, मोठं कुटुंब होतं, घरखर्च मोठा होता. त्याला दोष देण्यात मला रस नाही. पण त्याने काय बदललं हे बघा. दोर तसेच ठेवले, नग्नता तशीच ठेवली, पायाशी पडलेले कपडे तसेच ठेवले. हटवली ती फक्त नजर. बांधलेली, विवस्त्र बाई चालत होती. बघणारी चालत नव्हती. जे अश्लील म्हणून सुधारलं गेलं ते शरीर नव्हतं, त्या शरीराला मन आहे याची खूण होती.

कापून काढलेल्या तुकड्याचं काय झालं? तो मिलेने फेकला नाही. दुसऱ्या कॅनव्हासमध्ये शिवून घेतला आणि त्यातून १८७१ च्या सुमारास नवं चित्र केलं, ‘द मार्टर ऑफ द सॉल्वे’. ते आज लिव्हरपूलच्या वॉकर आर्ट गॅलरीत आहे. त्यात मार्गारेट विल्सन आहे. अठरा वर्षांची स्कॉटिश मुलगी, तिच्या धर्ममताविरुद्ध राजाने लादलेली शपथ घ्यायला नकार दिला म्हणून १६८५ साली विगटाउनजवळ सॉल्वेच्या खाडीत तिला खुंटाला बांधलं आणि भरतीच्या पाण्यात बुडवून मारलं. तिच्यासोबत वयस्क मार्गारेट मॅक्लॉकलनही होती. मिलेला ही कथा आधीपासून माहीत होती, १८६२ मध्ये त्याने एका साप्ताहिकासाठी तिच्यावर चित्र काढलं होतं. त्यामुळे कापलेला तुकडा हातात आला तेव्हा बांधलेली दुसरी बाई त्याच्या मनात तयारच होती. उघड्या अंगावर त्याने कपडे रंगवले, मोकळे तांबूस केस तसेच ठेवले, भोवती पाणी आणलं. चित्राखाली क्ष-किरण गेले तेव्हा कपड्यांच्या आतली मूळ विवस्त्र आकृती दिसली आणि ती लंडनच्या चित्रातल्या कापलेल्या जागेशी जुळली.

म्हणजे एकाच बाईचा अर्धा भाग लंडनमध्ये वाचवला जातो आहे आणि अर्धा लिव्हरपूलमध्ये बुडवला जातो आहे. जो चेहरा पुरुषाच्या बाजूला असताना उद्धट वाटला, तोच धर्मासाठी मरताना पवित्र वाटला. जिवंत राहणारी बाई बघते हे नको होतं. मरणारी बघते हे चाललं. व्हिक्टोरियन इंग्लंडबद्दल जाडजूड ग्रंथ वाचून जे कळेल त्यातलं बरंच काही या दोन कॅनव्हासच्या शिवणीत आहे. आणि हे मी ओढूनताणून लावलेलं नाही. कात्री चाललेली आहे, टाके पडलेले आहेत, ते यंत्राला दिसतात.

चित्र लागलं ते वर्षही साधं नव्हतं. १८६४, १८६६ आणि १८६९ च्या ‘सांसर्गिक रोग’ कायद्यांनी इंग्लंडच्या लष्करी आणि बंदरी शहरांत पोलिसांना अधिकार दिला होता: वेश्या असल्याच्या नुसत्या संशयावरून कुठल्याही स्त्रीला सक्तीच्या शारीरिक तपासणीसाठी न्यायचं. नकार दिला तर तुरुंग. रोग आढळला तर महिनोनमहिने बंद रुग्णालयात. पुरुषांची तपासणी नाही. १ जानेवारी १८७० ला जोसेफिन बटलर यांच्या चळवळीचं स्त्रियांच्या सह्यांचं निषेधपत्र वर्तमानपत्रात छापून आलं आणि काही महिन्यांनी, उन्हाळ्यात, त्याच लंडनमध्ये ‘संकटात सापडलेल्या कुमारिकांच्या मदतीसाठी’ म्हणत मिलेचा वीर भिंतीवर उभा राहिला. हे कायदे १८८६ मध्ये रद्द झाले. त्यांचीच भारतीय आवृत्ती १८६८ मध्ये इथे आली आणि मुंबईतही लागू झाली. बोरीबंदर बांधणाऱ्या राजवटीने कामाठीपुऱ्याच्या परिसरातल्या बायकांशी कोणतं दाक्षिण्य दाखवलं, ते त्या कायद्यात वाचता येतं.

हे सगळं सांगितलं की दोन बाजूंनी आक्षेप येतात आणि दोन्ही मला गांभीर्याने घ्यावेसे वाटतात.

पहिला आक्षेप रसिकांचा. चित्र हे चित्र आहे, त्याला रंग, रेषा, प्रकाश यांच्या जोरावर उभं राहू द्या, इतिहासाचं ओझं कशाला? मला या लोकांबद्दल आदर आहे, कारण निदान ते चित्र बघतात. आणि मिलेच्या चिलखतासमोर उभं राहिल्यावर शब्द संपतात हे खरंच आहे. कोपराच्या सांध्यातल्या पत्र्याच्या घड्या, चंद्राच्या उजेडाची पोलादावर सरकणारी थंड रेघ, त्याच्या शेजारी माणसाच्या त्वचेची ऊब, असा धातू आणि असं अंग एकमेकांना खेटून रंगवणारे हात युरोपात मोजकेच होते. पण याच नजरेने पुढे बघा. तरुणीच्या मानेपाशी काहीतरी अडकतं. खांदे एक बोलतात, डोकं दुसरं. वीराचं सगळं शरीर तिच्याकडे येतं आहे आणि समोरून त्याला काहीच उत्तर मिळत नाही. हा रचनेतला दोष आहे, आणि तो रंग-रेषेच्याच भाषेत आहे. त्याचं कारण माहीत झाल्याशिवाय रसिकाला चित्र पुरतं दिसतच नाही. इथे इतिहास रसास्वादाच्या आड येत नाही, तो रसास्वाद पुरा करतो.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे आणि तो मुख्यतः स्त्रियांकडून येतो. तुम्ही कितीही क्ष-किरण लावा, भिंतीवर शेवटी बांधलेली नागडी बाई आणि कपडे घातलेला पुरुषच राहणार. शाळेच्या सहलीतल्या मुलींनी ते का बघावं? मला हे पटतं की चित्रातला आनंद कावेबाजपणे रचलेला आहे. लुटारूंनी तिला उघडं केलं, ते दुष्ट. आपण मात्र सोडवणाऱ्याच्या बाजूला उभे राहून तेच बघतो आणि वर सज्जन ठरतो. ही जुनी युक्ती आहे. आंग्र या फ्रेंच चित्रकाराने १८१९ मध्ये खडकाला साखळदंडांनी बांधलेली अँजेलिका आणि तिला सोडवणारा वीर रॉजर रंगवला, तेव्हाही हीच होती. याबद्दल संग्रहालयाने आडपडदा न ठेवता बोलावं. पण उतरवून काय साधतं? १८७० च्या लोकांना चित्रातलं जे खटकलं ते त्यांनी कापून काढायला लावलं. आज आपल्याला खटकतं म्हणून आपण अख्खं चित्र गोदामात नेलं, तर त्या बाईच्या चेहऱ्यावर दुसऱ्यांदा कात्री चालेल. आणि आपण ते तिच्याच भल्यासाठी करतो आहोत असं म्हणू, जसं मिलेच्या पुस्तिकेत म्हटलं होतं.

शिवाय स्त्रियांनी या चित्रांशी कसा झगडा मांडला, त्याचा इतिहास आहे. १९०९ मध्ये मताधिकार चळवळीतली एल्सी हाउई जोन ऑफ आर्कच्या वेषात, चिलखत घालून, पांढऱ्या घोड्यावर बसून मोर्चापुढे चालली. वीराचं सोंग तिने स्वतःच घेतलं, सोडवणाऱ्याची वाट पाहिली नाही. १९१३ च्या एप्रिलमध्ये मँचेस्टरच्या त्याच गॅलरीत, जिथे शंभर वर्षांनी वॉटरहाउस उतरवला गेला, चळवळीतल्या बायकांनी रोझेटी, हंट, वॉट्स, लेटन आणि मिले यांच्या चित्रांच्या काचा फोडल्या. पुढच्या वर्षी मेरी रिचर्डसनने नॅशनल गॅलरीत वेलास्केथच्या व्हीनसवर सुरा चालवला. सुऱ्याचं समर्थन मी करत नाही. पण या घटना चित्रांच्या चरित्राचाच भाग आहेत आणि त्या सांगायच्या तर चित्रं समोर हवीत.

‘काय लपवायचं’ हे ठरवण्याचा हक्क एकदा कुणाच्या हाती दिला की तो कुठे जातो, याचा अनुभव आपल्याला जवळचा आहे. १९५४ मध्ये मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत अकबर पदमसी यांच्या ‘लव्हर्स’ चित्रांवर पोलिसांनी अश्लीलतेचा खटला भरला. चित्रं उतरवा म्हटल्यावर त्यांनी नकार दिला, अटक झाली, पुढे ते निर्दोष सुटले. त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी मुंबईच्याच सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी परदेशातून विकत आणलेली पदमसींची आणि गोव्यात जन्मलेल्या फ्रान्सिस न्यूटन सोझांची चित्रं अश्लील म्हणून जप्त केली. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. प्रत्येक नग्नचित्र अश्लील नसतं एवढी साधी गोष्ट न्यायालयाला सांगावी लागली. मँचेस्टरचा हेतू आणि सीमाशुल्क खात्याचा हेतू एक नव्हे, हे मला कळतं. पण दोघांनीही प्रेक्षकाला एकच सांगितलं: तू बघून ठरवायचं नाहीस, आम्ही न दाखवून ठरवू. पदमसींचा नकार मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो.

राहता राहिला व्यवहाराचा प्रश्न. मिलेने चित्र बदललं ही काही दडवलेली गोष्ट नाही. संकेतस्थळांवर आणि अभ्यासकांच्या पुस्तकांत ती आहे. पण संकेतस्थळ उघडून वाचणारा आणि सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन चित्रासमोर आलेला माणूस एक नसतो. संग्रहालय सार्वजनिक आहे ते त्या दुसऱ्या माणसासाठी. हेन्री टेट या साखरेच्या कारखानदाराने १८९४ मध्ये आपला चित्रसंग्रह देशाला दिला, त्यात हे चित्र होतं. ते देशाचं झालं तेव्हापासून त्याचा इतिहासही देशाचाच आहे, तज्ज्ञांच्या कपाटातला नाही.

म्हणून मागणी ठोस असावी. लंडन आणि लिव्हरपूलने ही दोन चित्रं आळीपाळीने एकमेकांकडे पाठवावीत, दोन-तीन वर्षं इथे, दोन-तीन वर्षं तिथे, पण एकाच भिंतीवर. मध्ये क्ष-किरण छायाचित्र, कापाची रेघ स्पष्ट दिसेल एवढं मोठं. पाटीवर तीन गोष्टी असाव्यात: मूळ चेहरा कुठल्या दिशेला होता, चित्र विकलं गेलं नव्हतं, आणि त्या वर्षी इंग्लंडातल्या बायकांबाबत कायदा काय म्हणत होता. त्या चेहऱ्याचं काय समजायचं हे पाटीने सांगू नये. शाळेतल्या मुलीही येऊ द्याव्यात. दोन चित्रांमध्ये उभं राहून, ‘हिने तिकडे बघितलं तर काय बिघडत होतं?’ हे त्या विचारतील, आणि त्याचं उत्तर देण्यासाठी संग्रहालयाने दालनात एक जाणकार माणूस बसवावा.